जुनं यंत्र, नवी सिस्टिम: बूट कुठं अडतं आणि कसं सुटतं

विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सही असलेलाच प्रोग्राम बूट होऊ देणारी सोय) जमणारं यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते. म्हणजे २०१३ चा चौथ्या पिढीचा आय-५, एसएसडी टाकल्यावर झकास पळणारा, तरी कागदावर बाद. पुण्यात असली यंत्रं कमी नाहीत. कंपन्यांतून मुदत संपून बाहेर पडलेले लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक तापकीर गल्लीत विचारा, सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, नाहीतर स्वतःच्याच माळ्यावर बघा.

अशा यंत्रावर लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाका किंवा अटी वगळून विंडोज ११ टाका, पहिला अडथळा बहुधा बूटचाच, म्हणजे यंत्र चालू होऊन सिस्टिम चढण्याचाच, येतो. पेनड्राइव्ह दिसत नाही, दिसला तर काळा पडदा, इन्स्टॉल पूर्ण झालं तर रीस्टार्टनंतर 'नो बूटेबल डिव्हाइस'. मग माणूस पुन्हा फॉरमॅट मारतो, पुन्हा तेच होतं, आणि रात्री दीड वाजता मदरबोर्डवर खापर फोडून झोपतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बिघाड फर्मवेअरच्या (मदरबोर्डमध्येच असलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामच्या) एका सेटिंगमध्ये असेल तर सिस्टिम दहा वेळा बसवून काहीच होणार नाही. आधी बूट नेमकं कोणत्या टप्प्यावर थांबलं ते ओळखायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

खाली आज्ञा आणि पडद्यावरचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. आज्ञा टाइप करताना रोमन अक्षरं आणि साधे आकडे वापरा. लिनक्सच्या आज्ञा लहान अक्षरांतच द्यायच्या.

चार टप्पे, चार खुणा

पहिला टप्पा फर्मवेअरचा, म्हणजे जुना बायोस किंवा नवं यूईएफआय. कंपनीचा लोगो दिसतो आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' असं येतं, तेव्हा यंत्राला बूटलोडर, म्हणजे सिस्टिम चालू करून देणारा छोटा प्रोग्राम, सापडलेलाच नसतो. दुसरा टप्पा बूटलोडरचा: लिनक्समध्ये (तिथला बूटलोडर म्हणजे ग्रब) 'ग्रब रेस्क्यू' असा एकाकी प्रॉम्प्ट, विंडोजमध्ये 'बीसीडी' ही बूटच्या नोंदींची फाइल सापडत नाही असं सांगणारा निळा रिकव्हरी पडदा. तिसरा टप्पा कर्नेलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा. ग्रबचा मेन्यू आला, तुम्ही एंटर मारलं आणि त्यानंतर काळोख, नाहीतर विंडोजच्या लोगोवर यंत्र परत परत रीस्टार्ट. चौथ्या टप्प्यावर कर्नेल चालू झालेला असतो, पण ज्या डिस्कवर सिस्टिम आहे ती त्याला सापडत नाही. लिनक्स मग 'इनिट्रॅमएफएस' च्या प्रॉम्प्टवर सोडतं, विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणतं.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. अर्ध्या सेकंदात निघून जाणारी ओळ त्यात वाचता येते. बऱ्याच वेळा सगळं निदान त्या एका ओळीत असतं.

प्रोसेसरला जे येत नाही ते येत नाही

काही यंत्रांवर काही सिस्टिम कधीच चढणार नाहीत, म्हणून पेनड्राइव्ह बनवायच्या आधी हे तपासा.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये 'पॉपकाउंट' आणि 'एसएसई ४.२' या सूचना असणं सक्तीचं झालं. कोअर २ ड्युओ आणि कोअर २ क्वाडमध्ये त्या नाहीत. २००८ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या पिढीच्या आय मालिकेपासून त्या आहेत, एएमडीच्या डेस्कटॉपमध्ये २०११ च्या बुलडोझरपासून. कोअर २ ड्युओवर २४एच२ चा पेनड्राइव्ह लावला तर यंत्र लोगोवरच रीस्टार्ट होत राहतं, संदेशसुद्धा येत नाही. रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रामनं टीपीएमची अट काढता येते, पण प्रोसेसरला नसलेली सूचना शिकवता येत नाही. २३एच२ अशा यंत्रावर चढते, मात्र तिच्या होम आणि प्रो आवृत्त्यांचा आधार ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यात वेळ घालवू नये.

लिनक्समध्येही हे आहे. रेड हॅटची ९ वी आवृत्ती आणि तिच्यावर आधारलेल्या वितरणांना (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांना) 'एक्स८६-६४-व्ही२' पातळीचा प्रोसेसर लागतो, रेड हॅट १० ला 'व्ही३', म्हणजे एव्हीएक्स२ असलेला, इंटेलमध्ये हॅसवेल किंवा पुढचा. कमी पातळीच्या यंत्रावर 'फेटल जीलिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट' असं येऊन लगेच कर्नेल पॅनिक होतो. रेड हॅटवर आधारलेल्या अल्मालिनक्सने १० व्या आवृत्तीसाठी व्ही२ ची वेगळी बांधणी ठेवली आहे. डेबियन आणि मिंट या वितरणांना ही अट नाही, त्यामुळे कोअर २ ड्युओवर तेच बरे.

ॲटम एन२७० ची २००८-०९ ची नेटबुकं ३२ बिटची. ६४ बिटची आयएसओ (सिस्टिम बसवण्याची फाइल) लावली तर कर्नेलच सांगतो की मला एक्स८६-६४ सीपीयू हवा, इथं आय६८६ सापडला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद झाला. अशा यंत्रासाठी डेबियन १२ किंवा अँटीएक्सची ३२ बिटची आयएसओ घ्यावी लागेल.

आहे त्या यंत्रावर कोणतंही जुनं लिनक्स चालत असेल तर टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' द्या आणि फ्लॅग्जच्या ओळीत 'पॉपसीएनटी', 'एसएसई४_२', 'एव्हीएक्स२' शोधा. विंडोजमध्ये सीपीयू-झेड हे काम करतं.

पेनड्राइव्ह: निम्मी भांडणं इथंच

८ जीबीचा, ओळखीच्या कंपनीचा पेनड्राइव्ह पुरतो. रस्त्यावर स्वस्तात मिळालेला '६४ जीबी' बऱ्याचदा आतून खूप लहान असतो. लिहिताना तो तक्रार करत नाही, इन्स्टॉल मध्येच फाइल खराब असल्याचं सांगून मरतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे खरं माप दाखवतात.

डाउनलोड झालेल्या आयएसओचं एसएचए-२५६ (फाइलचा ठसा) तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल -हॅशफाइल', मग फाइलचं नाव, मग 'एसएचए२५६'. लिनक्समध्ये 'एसएचए२५६सम' आणि फाइलचं नाव. आलेली लांबलचक ओळ वितरणाच्या अधिकृत पानावरच्या ओळीशी अक्षरश: जुळली पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे आणि टाळण्याकडेच सगळ्यांचा कल असतो.

रूफसमध्ये दोन रकाने महत्त्वाचे: पार्टिशन स्कीम आणि टार्गेट सिस्टिम. २०१० च्या आसपासच्या जुन्या बायोससाठी एमबीआर (डिस्क विभागण्याची जुनी पद्धत), यूईएफआयसाठी जीपीटी (नवी पद्धत). लिनक्सची आयएसओ असेल तर रूफस 'आयएसओ मोड की डीडी मोड' विचारतो. आधी आयएसओ मोड वापरा, बूट झालं नाही तर त्याच पेनड्राइव्हवर डीडी मोड. डीडी मोडनंतर विंडोज 'हा ड्राइव्ह फॉरमॅट करू का' विचारतं, तिथं नाही म्हणा. विंडोजची आयएसओ असेल तर स्टार्ट दाबल्यावर टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमच्या अटी काढण्याचा पर्याय येतो, त्यावर टिक करा. आयएसओतल्या फाइली हातानं फॅट३२ पेनड्राइव्हवर कॉपी करायचा जुना मार्ग आता चालत नाही, कारण 'इन्स्टॉल.विम' ४ जीबीच्या वर गेली आहे आणि फॅट३२ वर तेवढी मोठी फाइल बसत नाही.

लावताना डेस्कटॉपच्या मागचं काळं यूएसबी २ पोर्ट निवडा. २०१०-१२ च्या बोर्डांवरची निळी यूएसबी ३ पोर्टं अनेकदा वेगळ्या चिपवर असतात आणि बायोस त्यांच्यावरून बूट करू शकत नाही. विंडोज सुरू झाल्यावर तीच पोर्टं छान चालतात, म्हणून त्यांच्यावर संशय जात नाही. जुन्या अवॉर्ड आणि एएमआय बायोसमध्ये आणखी एक मेख आहे: पेनड्राइव्ह 'रिमूव्हेबल' खाली न दिसता 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज' च्या उपयादीत दिसतो. तिथं जाऊन त्याला पहिल्या नंबरवर आणावं लागतं.

फर्मवेअरमध्ये काय बघायचं

बूट मेन्यूसाठी डेल, लेनोव्होचे थिंकपॅड आणि गिगाबाइटचे बोर्ड यांना एफ१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप, त्यांच्याच डेस्कटॉप बोर्डांना एफ८, एमएसआयला एफ११. एसरमध्ये एफ१२ बऱ्याचदा बंदच ठेवलेला असतो. एफ२ ने सेटअपमध्ये जाऊन आधी तो चालू करावा लागतो.

बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसत्या नावानं आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. लोक इथं सर्वात जास्त फसतात. नुसतं नाव निवडलं तर इन्स्टॉलर लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, पद्धतीनं चालू होतो, तसाच बूटलोडर लिहितो, आणि नंतर यूईएफआयवर असलेलं यंत्र तो बघतही नाही. लिनक्सच्या लाइव्ह सत्रात (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये) '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' हा फोल्डर असेल तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात, नसेल तर लेगसीत. विंडोज सेटअप लेगसीत चालू झाला असेल आणि डिस्क जीपीटी असेल तर 'या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही, डिस्क जीपीटी पद्धतीची आहे' असं म्हणतो. डिस्क पुसण्याची घाई करू नका. बाहेर पडून पेनड्राइव्हची यूईएफआय नोंद निवडा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय हवा. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर तो 'रेड ऑन' असतो आणि मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला आतली एनव्हीएमई डिस्कच (पीसीआयईवर चालणारी वेगवान एसएसडी) दिसत नाही. नवीन इंटेल यंत्रांवर हाच घोळ 'व्हीएमडी' नावानं येतो. मात्र आधीपासून विंडोज चालू असलेल्या यंत्रावर मोड नुसता बदलला तर विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' देऊन पडतं, कारण सुरुवातीला लोड करायच्या यादीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. त्यावर सरळ उपाय आहे: ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'बीसीडीएडिट /सेट सेफबूट मिनिमल', रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय, एकदा सेफ मोडमध्ये चढू द्या, मग 'बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू सेफबूट' आणि पुन्हा रीस्टार्ट. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर या सगळ्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवा.

सीएमओएसचा, म्हणजे बायोसची सेटिंग आणि घड्याळ जपणारा, सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. दहा-बारा वर्षांच्या यंत्रात तो गेलेलाच समजा. तो गेला की प्लग काढल्यावर घड्याळ मागे जातं आणि सेटिंग मूळपदावर येतात. एएचसीआय केलेलं आयडीई होतं, यूईएफआय केलेलं लेगसी होतं, आणि काल चालणारी सिस्टिम आज उठत नाही. तारीख चुकल्यानं इन्स्टॉलरला नेटवरून पॅकेज घेताना प्रमाणपत्राच्या तक्रारीही येतात. सेल आधी बदला, सेटिंग नंतर लावा. मल्टीमीटर असेल तर २.८ व्होल्टच्या खाली दिसलेला सेल ठेवू नका.

सिक्युअर बूटसाठी आमचा सल्ला: जुन्या यंत्रावर इन्स्टॉल करताना बंद ठेवा, सगळं नीट चालल्यावर हवं तर चालू करा. एसरच्या काही मॉडेलवर सुपरवायझर पासवर्ड घातल्याशिवाय हा पर्याय धूसरच राहतो. पासवर्ड घाला, काम झाल्यावर काढा. 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' असा संदेश ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर दोन सिस्टिम असलेल्या अनेक यंत्रांवर आला. तिथं सिक्युअर बूट बंद करून लिनक्समध्ये जा, 'सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' द्या, एकदा लिनक्स रीस्टार्ट करा आणि मग सिक्युअर बूट परत लावा. आणखी एक गोष्ट जुन्या यंत्रांना नडणारी: मायक्रोसॉफ्टच्या ज्या २०११ च्या प्रमाणपत्रांवर सिक्युअर बूटचा कारभार चालतो त्यांची मुदत २०२६ मध्ये, जूनपासून संपत जाते. आज चालतंय ते त्यामुळे एका रात्रीत बंद पडत नाही, पण २०२३ च्या नव्या प्रमाणपत्रानं सही केलेला बूटलोडर जुनं फर्मवेअर ओळखणार नाही.

बायोस अपडेट करायचाच असेल तर लॅपटॉपची बॅटरी जिवंत हवी; ती मेलेली असेल तर बरीच यंत्रं अपडेट नाकारतात. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. आणि गुरुवारी नको. दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल याचा त्या दिवशी भरवसा नसतो, हे पुणेकराला सांगायला नको.

बूटलोडर लिहिला, तरी यंत्र बघत नाही

लिनक्स नीट बसलं, पेनड्राइव्ह काढला, आणि यंत्र थेट विंडोजमध्ये जातं किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणतं. काही जुन्या फर्मवेअरला, विशेषतः २०११ ते २०१४ च्या एचपी आणि सोनीच्या लॅपटॉपना, विंडोजच्या किंवा सर्वसामान्य ठरलेल्या मार्गावरची फाइलच तेवढी दिसते. इन्स्टॉलरनं केलेली नवी नोंद ते गिळून टाकतात. उपाय म्हणजे ग्रब सर्वसामान्य मार्गावर ठेवणं, 'ईएफआय' फोल्डरमधल्या 'बूट' मध्ये 'बूटएक्स६४.ईएफआय' या नावानं.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून यूईएफआय पद्धतीनं चढा. 'एलएसबीएलके -एफ' नं पार्टिशनं बघा. समजा सिस्टिम 'एसडीए२' वर आहे आणि १००-५०० एमबीचं फॅट३२ ईएफआय पार्टिशन 'एसडीए१' आहे. मग क्रमानं:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

शेवटची ओळ 'प्रॉक' आणि 'सिस' साठीही तशीच द्या. मग 'सुडो सीएचरूट /एमएनटी', आत 'ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल' आणि 'अपडेट-ग्रब'. तिसरी ओळ विसरली तर ग्रब-इन्स्टॉल डिस्क सापडत नाही म्हणतो. दुसरी विसरली तर ईएफआय डिरेक्टरी सापडत नाही म्हणतो. दोन्ही वेळा दोष डिस्कचा नसतो.

'ग्रब रेस्क्यू' प्रॉम्प्ट आला तर ग्रब अर्धा जागा झालाय, उरलेलं सामान कुठं आहे ते त्याला माहीत नाही. पार्टिशन कमीजास्त केलं किंवा डिस्कचा क्रम बदलला की असं होतं. 'एलएस' द्या. (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) अशी यादी येईल. 'एलएस (एचडी०,जीपीटी२)/' असं एकेकाला विचारत जा. ज्यात 'बूट', 'ईटीसी', 'होम' दिसेल ते तुमचं. मग 'सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)', 'सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब', 'इन्समॉड नॉर्मल', 'नॉर्मल'. ओळखीचा मेन्यू येतो. पण एवढ्यावर थांबू नका, हे फक्त या एका बूटपुरतं असतं. आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब परत चालवा. /डेव्ह/एसडीए हे डिस्कचं नाव फक्त लेगसी यंत्रावर पुढं लावायचं.

जुन्या बायोसवर जीपीटी डिस्क वापरायची असेल तर सुरुवातीला १ एमबीचं, 'बायोस_ग्रब' खूण असलेलं, फॉरमॅट न केलेलं पार्टिशन लागतं. २ टीबीहून लहान डिस्क असेल तर या भानगडीत पडूच नका, एमबीआर ठेवा.

एनव्हीएमई एसएसडी पीसीआयई कार्डावर लावून तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉपला बसवण्याचा मोह अनेकांना होतो. लिनक्सला ती दिसते, फर्मवेअरला दिसत नाही, कारण साधारण २०१४ पूर्वीच्या बोर्डांत एनव्हीएमईवरून बूट करण्याची सोय नसते. ईएफआय आणि '/बूट' ही दोन पार्टिशनं एखाद्या लहान साटा एसएसडीवर किंवा कायम लावलेल्या पेनड्राइव्हवर ठेवली आणि बाकी सिस्टिम एनव्हीएमईवर, तर काम होतं. तरी आमचं मत विचाराल तर अशा यंत्राला २.५ इंची साटा एसएसडीच योग्य. जुन्या हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक इतका पडतो की पुढचा वेग हवासाच वाटत नाही.

विंडोजचा बूटलोडर हरवला असेल तर सेटअपच्या पेनड्राइव्हवरून चढून शिफ्ट आणि एफ१० दाबा. 'डिस्कपार्ट', 'लिस्ट व्हॉल्यूम', फॅट३२ चं छोटं व्हॉल्यूम निवडून 'असाइन लेटर=एस', 'एक्झिट'. मग 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय'. सेटअपमध्ये ड्राइव्हची अक्षरं इकडची तिकडे झालेली असतात, तेव्हा विंडोज खरंच सी वर आहे का हे यादीत आधी बघा.

मेन्यू आला, पुढं काळोख

हा सगळ्यात घाबरवणारा आणि बहुधा सगळ्यात सोपा प्रकार. कर्नेल पडद्याचा ड्रायव्हर चालू करतो आणि जुन्या एनव्हिडिया किंवा एटीआय कार्डावर तिथंच गाडी अडते. ग्रबच्या मेन्यूत ओळ निवडून ई दाबा. 'लिनक्स' नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असेल ते काढा, जागी 'नोमोडसेट' लिहा, एफ१० दाबा. पडदा आला, अगदी फाटक्या रेझोल्यूशनमध्ये का होईना, तर निदान पक्कं झालं. हा बदल एकदाच टिकतो, म्हणून इन्स्टॉलनंतरच्या पहिल्या बूटला तो परत द्यावा लागतो. तिथं बरेच जण गडबडतात.

नोमोडसेट कायमचं ठेवणं हा उपाय नव्हे, त्यानं ग्राफिक कार्डाचं खरं काम बंद होतं. फार जुन्या एनव्हिडिया कार्डांचे कंपनीचे ड्रायव्हर नव्या कर्नेलवर बसत नाहीत, तिथं नूव्हो या लिनक्सच्या खुल्या ड्रायव्हरवरच राहा. दोन ग्राफिक असलेला लॅपटॉप असेल तर 'नूव्हो.मोडसेट=०' इतकंच देऊन इंटेलचं चालू ठेवता येतं.

नोमोडसेटनं काही फरक पडला नाही आणि अक्षरं मध्येच थिजली तर शेवटच्या दोन-तीन ओळी वाचा. एसीपीआय, एपिक किंवा आयआरक्यू असे शब्द असतील तर 'नोएपिक' देऊन बघा, मग 'पीसीआय=नोएमएसआय'. 'एसीपीआय=ऑफ' हे शेवटचं हत्यार. त्यानं चढलं तर दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं, पण त्यावर रोज काम करायचं नाही: बॅटरीची टक्केवारी जाते, पंख्याचं नियंत्रण जातं, कधी एकच कोअर उरतो. 'पीसीआयई बस एरर, करेक्टेड' अशा ओळींचा धबधबा असेल तर 'पीसीआय=नोएईआर'. त्यात बिघाड दुरुस्त होत नाही, फक्त तक्रार थांबते. कार्ड किंवा एसएसडी काढून घट्ट बसवायला विसरू नका. बे ट्रेल ॲटमची यंत्रं चढतात आणि थोड्या वेळानं गोठतात, त्यांना 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१'. यातल्या काही टॅबलेटांत प्रोसेसर ६४ बिट आणि यूईएफआय मात्र ३२ बिट असतं, तेव्हा पेनड्राइव्हवर 'बूटआयए३२.ईएफआय' असलेलीच आयएसओ दिसते. डेबियन १२ च्या आयएसओत ती आहे.

चालणारं जे सापडेल ते कायम करायला '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' फाइलमध्ये 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' च्या अवतरणांत घाला आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा.

कर्नेल चढला, डिस्क सापडेना

'इनिट्रॅमएफएस' च्या प्रॉम्प्टवर 'एक्झिट' टाइप केलं की बऱ्याचदा खरं कारण पडद्यावर येतं. फाइल सिस्टिम बिघडली असेल तर ती कोणती ते सांगतो, मग 'एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२'. 'यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-नंबर) डझ नॉट एक्झिस्ट' म्हणत असेल तर 'बीएलकेआयडी' द्या. यादीत डिस्कच नसेल तर साटा मोड, केबल किंवा डिस्क. डिस्क आहे पण नंबर वेगळा असेल तर क्लोन करताना किंवा फॉरमॅट करताना तो बदललाय, 'एफस्टॅब' आणि ग्रबमध्ये नवा घाला. यूएसबी डिस्कवर सिस्टिम असेल आणि कधी चढते, कधी नाही असं होत असेल तर कर्नेलच्या ओळीत 'रूटडिले=१०' द्या. डिस्क जागी व्हायला तिला वेळ लागतोय, इतकंच.

प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर सॉफ्टवेअर सोडा, रॅमकडे वळा. मेमटेस्ट८६+ ची ६ वी किंवा पुढची आवृत्ती यूईएफआयवरही चालते; निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या, ८ जीबीला तासाभराहून जास्त लागू शकतो. एकही लाल ओळ खपवून घ्यायची नाही. पट्ट्या एकेक करून, एकेका खाचेत लावून बघा. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या यंत्रात पट्टीचे सोनेरी दात मळलेले असतात. पांढऱ्या खोडरबरानं हलके घासा, चुरा झटका, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा.

डिस्कसाठी 'सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए'. त्यात क्रमांक ५ आणि १९७ च्या ओळींत शेवटच्या रकान्यात शून्य हवा. १९७ वाढत असेल तर डिस्क जाणार. १९९ वाढत असेल तर डिस्क बरी आहे, साटाची केबल बदला.

जुन्या डेलमध्ये एक फसवा प्रकार आहे. चार्जरच्या मधल्या बारीक पिनचा संपर्क तुटला किंवा चार्जर नकली असला की यंत्र त्याला ओळखत नाही आणि प्रोसेसर एकदम मंद करून ठेवतं. इन्स्टॉल चाळीस मिनिटं एका टक्क्यावर उभं राहतं आणि हँग झालं असं वाटतं. सुरुवातीला चार्जरविषयी आलेली सूचना आपण एंटर दाबून पुढं ढकललेली असते.

अटी वगळून बसवलेल्या विंडोज ११ वर दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येईल असं धरून चालू नका, त्या वेळी नव्या आयएसओचा पेनड्राइव्ह रूफसनं पुन्हा बनवावा लागतो. लिनक्सवर नवा कर्नेल आला आणि पडदा पुन्हा काळा झाला तर ग्रबच्या मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नेल निवडा. तो मेन्यू दिसत नसेल तर बूट होताना यूईएफआयवर एस्केप एकदाच टिचकवा, लेगसीवर शिफ्ट धरून ठेवा. जुने कर्नेलही '/बूट' मध्येच राहतात, म्हणून ते वेगळं पार्टिशन करत असाल तर १ जीबी तरी द्या. ते भरलं की नवा कर्नेल अर्धवट लिहिला जातो आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस' चा पॅनिक तिथूनच येतो.